गाव कोणतं ते नंतर विचारा

दिवाळी झाली की आमच्या खान्देशात माणसं दोन दिशांनी हलायला लागतात. अक्राणी, अक्कलकुवा, तळोद्याकडची भिल्ल-पावरा कुटुंबं मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात. आणि आमच्याकडे चोपडा, यावल, रावेरच्या केळीच्या पट्ट्यात सातपुडा ओलांडून सेंधवा, वरला, भगवानपुऱ्याकडची बारेला-पावरा कुटुंबं येतात. कुणी कापूस वेचायला, कुणी वीटभट्टीवर, आणि बरीचशी सालदार म्हणून, म्हणजे सालभराच्या बोलीवर, मळ्यातच राहायला. जाणारे आदिवासी आणि येणारेही आदिवासी. लेकरं दोघांच्याही कडेवर.

मी या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लोक सिस्टर म्हणतात, म्हातारी माणसं अजून नर्सबाई म्हणतात. तालुक्याच्या बैठकीत माझ्या उपकेंद्राची लसीकरणाची टक्केवारी पडद्यावर दाखवतात तेव्हा ती चांगली असते. पण ती ज्यांची नावं माझ्या रजिस्टरला आहेत त्यांची टक्केवारी. ज्यांचं नावच नाही, ते लसीविना राहिले तरी टक्का कमी होत नाही. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, म्हणून हे लिहितेय.

उपकेंद्राचा हिशेब कसा असतो ते सांगते. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजारांना एक. हजार माणसांमागे एक आशाताई. ही लोकसंख्या मोजायची कशी? 2011 नंतरची जनगणना अजून हातात नाही, तेव्हा सगळा हिशेब तिथूनच पुढे ओढलेला. आशाताई घरोघर सर्व्हे करते, घराला नंबर टाकते. मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीला नंबर नसतो. ती मालकाची खोली, मोटरच्या बाजूला, एरवी खताच्या गोण्या ठेवायची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जुना सालदार गेला आणि नवा आला, तर गावात कुणाला पत्ताही नसतो. माणसं राहतात गावापासून दोन-तीन किलोमीटरवर, आणि कागदावर ती सातपुड्यापलीकडच्या एखाद्या फाल्यात, म्हणजे पाड्यात, राहत असतात. तिकडची सिस्टर म्हणते, ते स्थलांतरित आहेत. इकडे आम्ही म्हणतो, ते बाहेरचे आहेत.

मी मळ्यात जाते तेव्हा सगळ्यात आधी कार्ड मागते. माता-बाल संरक्षण कार्ड. बहुतेक वेळा ते गावाकडे राहिलेलं असतं, पेटीत, किंवा पावसात भिजून गेलेलं. गुजरातेत राहून आलेली बाई कधी ममता कार्ड काढून दाखवते, गुजराती लिपीतलं. ते वाचायला मला अडत नाही, कारण देशभर वेळापत्रक एकच. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची एमआर, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी एमआर. चेन्नईत जन्मलेलं मूल असो की चोपड्यात, रकाने तेच.

कार्डच नसेल तर मी बाळाची डावी बाही वर करते. बीसीजी, म्हणजे टीबीची लस, डाव्या दंडावर वरच्या बाजूला देतात, आणि काही आठवड्यांनी तिथे फोड येऊन बारीकसा, जरा खोलगट वण राहतो. उन्हात काळवंडलेल्या कातडीवर तो चटकन दिसत नाही. बाळाचा दंड बोटांनी ताणून उजेडाकडे धरावा लागतो. वण दिसला तर मूल एकदा तरी सुईपाशी पोचलंय एवढं कळतं. मग आईला विचारायचं. मांडीत सुई दिली का? किती वेळा? एका मांडीत की दोन्ही? तोंडात थेंब टाकले का? यातलं बरंचसं तिला आठवत नाही. तिनं कामाच्या घाईत, कुणाच्या तरी सोबत, कुठल्या तरी अंगणवाडीत बाळ पुढे केलेलं असतं. पण “त्या रात्री ताप आला होता का, रडला होता का” असं विचारलं की ती लगेच सांगते. पेंटानंतर मुलं रात्री तापतात. ती रात्र कुठलीच आई विसरत नाही. दोन रात्री सांगितल्या तर दोन डोस झाले असावेत असा अंदाज बांधायचा. आणि अंदाज लागलाच नाही, तर वयाप्रमाणे लस द्यायची. एखादा डोस जास्त झाला तर बाळाचं काही बिघडत नाही, राहून गेला तर बिघडू शकतं.

गेल्या हंगामात केळीच्या बागेत एक दहा-अकरा महिन्यांची मुलगी भेटली. अंगावर एक झबलं, केस भुरकट. दंडावर वण होता, आईनं तापाच्या दोन रात्री सांगितल्या. एमआर झालेली नव्हती. एमआरची व्हायल, म्हणजे कुपी, पावडरची असते. द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. एका व्हायलमधून अनेक मुलांना डोस जातात, आणि मळ्यात मूल होतं एकच. माझ्यासोबतच्या ताई म्हणाल्या, “सिस्टर, एकीसाठी फोडायची का? वेस्टेज दिसेल.” हा प्रश्न महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे विचारला जात असणार. नियम स्पष्ट आहे, एका मुलासाठीसुद्धा व्हायल फोडा. तरी वेस्टेजचा रकाना वर बघितला जातो आणि न दिलेल्या लसीचा रकानाच नसतो, म्हणून हात आखडतो. मी फोडली. व्हिटॅमिन ए पाजलं. मुलगी पुढच्या आठवड्यात तिथे असेलच याची खात्री कोण देणार होतं?

गोवराबद्दल मी इतकी आग्रही का, तेही सांगते. 2022 च्या शेवटी मुंबईत, भिवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं गेली. गोवर इतका झपाट्यानं पसरतो की तो थांबवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस लागतात. देशानं गोवर-रुबेला संपवायचं ठरवलं ते 2023 पर्यंत, मग मुदत 2026 वर गेली. पंचाण्णव गाठताना राहिलेली पाच कोण? सगळीकडे विखुरलेली नसतात ती. एकाच भट्टीवर, एकाच मळ्यात, एकाच ट्रकमधून उतरलेली असतात. तिथे गोवर शिरला की अर्धपोटी मुलांच्या वाट्याला न्यूमोनिया आणि जुलाब येतात.

अर्धपोटी हा शब्द मी उगाच वापरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली. मळ्यातल्या मुलांच्या दंडाला मी घेर मोजायची पट्टी लावते तेव्हा ती कधी कधी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येते, लाल भागात. म्हणजे तीव्र कुपोषण. जवळच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह दोनेक आठवडे ठेवायला हवं. आई म्हणते, मागची दोन कोण सांभाळेल, आणि मजुरी? तिचं चुकत नाही. अंगणवाडी तेवढ्यासाठीच आहे, पण अंगणवाडीत आहार पटावरच्या संख्येनं येतो, आणि पटावर यायला आधी कुणीतरी नाव घालायला हवं. स्थलांतरित मुलांची नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची सोय अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आहे. आमच्याकडच्या एक अंगणवाडी सेविका हे काम इतकं मनापासून करतात की नवं कुटुंब आलं की त्यांचा मला फोन येतो, आणि कुटुंब जायच्या आधी माझा त्यांना. गुजरातेतून परतलेल्या मुलांचं वजन त्या होळीनंतर पहिल्याच आठवड्यात घेतात. त्या एकट्या गावात हे जमतं, मग सगळीकडे का जमू नये?

रेशनचं मात्र जमवलं आपण. 9 ऑगस्ट 2019 ला देशात पहिल्यांदा ज्या राज्यांच्या जोड्यांमध्ये रेशनकार्ड एकमेकांकडे चालायला लागलं, त्यातली एक जोडी महाराष्ट्र-गुजरातची होती. नंदुरबारचा माणूस बारडोलीत अंगठा लावून धान्य उचलू शकतो. लसीसाठीही आता यू-विन हे नोंदणीचं पोर्टल आलंय, 2023 च्या जानेवारीत ठरावीक जिल्ह्यांत सुरू झालं आणि मग देशभर. त्यात एकदा नोंद झाली की देशात कुठेही मागचे डोस दिसायला हवेत. सोय चांगली आहे, मी वापरते. पण ती मोबाईल नंबरावर उभी आहे. मळ्यातल्या कुटुंबात फोन एक, तो नवऱ्याकडे, नवरा गाडी भरायला गेलेला. सिमकार्ड हंगामागणिक बदलतं, कारण रिचार्ज संपलं की नवं सिम स्वस्त पडतं. मागच्या वर्षीच्या नंबरवर गेलेला ओटीपी आता कुणाच्या हातात आहे, देव जाणे. म्हणून मी पोर्टलवर नोंद करते आणि कागदी कार्डही देते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि आईला सांगते की हे पैशांसोबत ठेव, कपड्यांसोबत नको.

मोठ्या माणसांचे आजारही असेच प्रवास करतात. एका मळ्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता, थंडीच्या दिवसांत सांध्यांनी कळवळायचा. मालक म्हणायचे, काम नको म्हणून ढोंग करतो. डोळे पिवळसर होते. तपासणी केली, सिकलसेल निघाला. आमच्या सातपुड्यात भिल्ल-पावऱ्यांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, यानं कळा उठतात. आणि ऊसतोड किंवा केळी कटाई म्हणजे हे तिन्ही एकत्र. देशात सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण त्या रोज घ्यायच्या, वर्षानुवर्षं, मधून मधून रक्त तपासून. त्या मुलाला गोळ्या सुरू झाल्या आणि होळीआधीचे भोंगऱ्या बाजार लागले तसं कुटुंब गावी निघून गेलं. मी त्याच्या कागदावर गोळीचं नाव, मात्रा, पुढची रक्ततपासणी सगळं हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तिकडच्या आशाताईचा नंबर शोधून फोनही केला. त्या चांगल्या बोलल्या. एवढं व्हायला दोन राज्यांच्या दोन बायकांची ओळख व्हावी लागली, ती नशिबानं झाली. हे नशिबावर का सोडायचं?

टीबीचं तसंच. साध्या टीबीला सहा महिने गोळ्या. अर्ध्यावर सोडल्या की औषधांना दाद न देणारा टीबी होतो, आणि तो मग ट्रकमधल्या सगळ्यांना होऊ शकतो. निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, रुग्णाचा आयडी असला की देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रातून पुढच्या गोळ्या मिळतात, रुग्ण त्या केंद्राकडे वर्ग करता येतो. टीबीच्या रुग्णाला मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला हजार झाले आहेत. पण हे ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला निघायच्या आधी कुणी सांगायला हवं आणि आयडी त्याच्या खिशात असायला हवा. टोळी रात्रीत निघते. मुकादम गोळ्यांसाठी ट्रक थांबवत नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं ठेकेदारावर कामगारांच्या मोफत औषधपाण्याची जबाबदारी टाकली होती. एवढ्या वर्षांत ऊस तोडणाऱ्या एकाही बाईच्या तोंडून मी या कायद्याचं नाव ऐकलेलं नाही.

आता वागणुकीबद्दल, कारण ते मला सगळ्यात जास्त लागतं. एका दवाखान्यात (नाव घेत नाही) कळा सुरू झालेल्या बारेला बाईला मी घेऊन गेले होते. खिडकीवर पहिला प्रश्न, “कुठली?” दुसरा, “आधार?” तिसरा प्रश्न नव्हताच, वाक्य होतं: “एमपीचे आहेत तर तिकडेच न्यायचं ना.” ती बाई भिंतीला धरून उभी होती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणं, सगळं मोफत. त्यात कुठल्या राज्याची बाई अशी अट नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून तर महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत. मी हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तिची प्रसूती नीट झाली, मुलगा झाला. पण ती पुढच्या खेपेला कुठे जाईल? माझी खात्री आहे, ती मळ्यातच बाळंत व्हायचं म्हणेल. मग आम्ही अहवालात लिहू की या समाजात घरी बाळंतपणाचं प्रमाण जास्त आहे, जनजागृती करावी.

आमचे शेतकरी वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांचीही अडचण असते. “सिस्टर, आज केयीनी गाडी भरानी शे, सकाय या,” म्हणजे आज केळीची गाडी भरायची आहे, उद्या या, असं म्हणतात, आणि व्यापाऱ्याची गाडी खरंच उभी असते, घड उन्हात ठेवता येत नाहीत. पण उद्या माझं लसीकरणाचं सत्र दुसऱ्या गावात असतं. एक काका आहेत आमच्याकडे, ते सत्राच्या दिवशी त्यांच्या आणि शेजारच्या मळ्यांतल्या बायका-मुलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून अंगणवाडीपाशी आणून सोडतात, कुणाची हजेरी कापत नाहीत. मी कधी विचारलं नाही की ते हे का करतात. बाकीच्यांना त्यांच्याकडे बघून थोडं कळायला लागलंय.

2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्यानं माणसं चालत होती तेव्हा धुळ्यापासून शिरपूर, पळासनेरपर्यंत लोकांनी रस्त्यावर पोळ्या-भाजी, पाण्याच्या टाक्या, चपला घेऊन उभं राहून दिल्या. तेव्हा गाव कोणतं असं कुणी विचारलं नाही. माझ्या घरूनही रोज भाकरी जायच्या. तीच माणसं आज आमच्या मळ्यात आहेत.

आणि हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण एकदा आपण करून दाखवलंय. पोलिओच्या वेळी. वीटभट्ट्या, उसाचे फड, बांधकामं, पालं यांची वेगळी यादी असायची. एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर टीम उभ्या असायच्या. चालत्या गाडीतून उतरलेल्या पोराला दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, झालं. कुणी कार्ड मागितलं नाही, आधार मागितलं नाही. मूल जिथे दिसेल तिथे ते आपलं. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. परदेशातून आलेले तज्ज्ञसुद्धा भारतात हे होणार नाही म्हणायचे. झालं, कारण फिरत्या माणसांना आधी मोजलं.

मला वरिष्ठांकडून काय हवंय ते साधं आहे. मळे, भट्ट्या आणि पालं यांची यादी उपकेंद्रानं करावी आणि दिवाळीनंतर, होळीनंतर आणि आखाजीनंतर ती नवी करावी. त्या यादीतल्या मुलांसाठी वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारू नये. आशाताईला मोबदला पूर्ण लसीकरण झालं की मिळतो. मधेच निघून गेलेल्या मुलासाठी उन्हातान्हात केलेल्या पायपिटीचे तिला काहीच मिळत नाहीत. मळ्यातल्या प्रत्येक डोसामागे तिला काहीतरी द्या, ती स्वतःहून शोधून काढेल. आणि बडवाणी, खरगोन, सुरत, तापी, नंदुरबार, जळगाव, धुळे या जिल्ह्यांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे फोन नंबर एकमेकांकडे असू द्या. आम्ही बायका आमचं आम्ही बघून घेऊ.

आणि शेतकरी भाऊ-काकांनो, तुमच्यातले पुष्कळ जण हे वाचतात, मला माहीत आहे. आखाजीला नवा सालदार ठेवाल तेव्हा उचलीचा हिशेब वहीत लिहिताना त्याच्या मुलांची नावं आणि वयंही लिहा, बायको दोन जिवांची आहे का ते घरच्या बाईमाणसाला विचारायला सांगा, आणि ते पान मोबाईलवर फोटो काढून गावातल्या आशाताईला पाठवा. तेवढ्यावर मी तुमच्या मळ्यात येते. गाडी भरायची असेल तर सकाळी सातला येते, बायका बागेत जायच्या आधी.